नदीचा वाटा आणि नवे जलहक्क

(पनवेल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला आणि रायगड जिल्ह्यातील ओढे तांबड्या पाण्याने फुगले की गावोगाव एक शब्द ऐकू येतो : वलगण. नदीच्या डोहांत उन्हाळा काढलेले मासे नव्या पाण्याच्या ओढीने प्रवाहाविरुद्ध चढू लागतात, नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरांत शिरतात व तेथे अंडी घालतात. शिवडा, मळ्या, खवल, वाम हे मासे त्या चार दिवसांत कातकरी, आगरी, कोळी, कुणबी या साऱ्यांच्या चुलीवर शिजतात. त्यासाठी कोणाला पैसा मोजावा लागत नाही, की कोणाच्या बांधावर मजुरीला जावे लागत नाही. ज्यांच्या घरी आषाढ-श्रावणात धान्याची चणचण असते त्यांच्या पोषणाचा हा जुना आधार आहे.

हा आधार आता क्षीण झाला आहे. पनवेल, पेण, खालापूर, कर्जत या तालुक्यांतील जुनीजाणती माणसे सांगतात की, वलगण पूर्वीसारखी चढत नाही. याचे एक कारण नेहमी पुढे केले जाते : गाभोळीने भरलेला मासा लोक मारतात, म्हणून मासा संपतो. त्यात तथ्य आहे आणि त्या चार दिवसांत संयम पाळण्याचा आग्रह योग्यच आहे. परंतु सारा दोष कातकऱ्याच्या जाळ्यावर टाकून मोकळे होणे म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणे होय. जूनमध्ये चढणारा मासा आधी एप्रिल-मे महिन्यांत डोहात जिवंत राहिला पाहिजे. डोह आटला, त्यातील पाणी तापले, प्राणवायू घटला किंवा त्यात विष मिसळले, तर चढायला मासाच उरत नाही. तात्पर्य, माशांचा प्रश्न हा उन्हाळ्यातील पाण्याचा प्रश्न आहे आणि उन्हाळ्यातील पाणी कोणाला किती द्यावयाचे हा राजकीय अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. म्हणूनच तो पक्षाच्या अभ्यासवर्गात चर्चिला जाणे अगत्याचे आहे.

प्रथम आपल्या नद्यांचे स्वरूप पाहू. या भागात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने नदी आपल्या झऱ्यांवर आणि डोहांवर जगते. माथेरानच्या डोंगररांगेतून येणारी गाढी नदी आणि तिला खाडीच्या तोंडाशी भेटणाऱ्या काळुंद्रे व कासाडी या नद्या लहान आहेत. गाढीवरील देहरंगचे धरण हा पनवेल शहराचा जुना जलस्रोत. ते गाळाने भरत गेले आणि उन्हाळा संपण्यापूर्वीच तळ गाठू लागले. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेले हे गाव ऑक्टोबर २०१६ मध्ये महानगरपालिका झाले. तहान वाढली, नदी मात्र तेवढीच राहिली.

पाताळगंगेची कथा निराळी आहे व अधिक उद्‌बोधक आहे. ही नदी बारमाही वाहते, पण ते पाणी सर्वस्वी तिचे नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांत अडवलेले पाणी १९१५ सालापासून खोपोलीच्या वीजगृहातून खाली सोडले जाते आणि ते पाताळगंगेत येते. त्यापाठोपाठ भिवपुरीहून उल्हास नदीत आणि भिऱ्याहून कुंडलिकेत असेच पाणी येऊ लागले. भिऱ्यासाठी मुळशीचे खोरे बुडवण्यात आले आणि त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, हा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे. भीमेच्या खोऱ्यातले पाणी असे कोकणात उतरले. त्याच्या भरवशावर रसायनी-पाताळगंगेचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आणि पनवेल परिसराच्या पाणीयोजना आखल्या गेल्या.

याचा अर्थ असा की, पाताळगंगेचा उन्हाळी प्रवाह विजेच्या मागणीनुसार चढतो व उतरतो. हे पाणी भीमेच्या खोऱ्याला परत द्यावे अशी मागणी सोलापूर-पुण्याकडील दुष्काळी भागातून होत आली आहे आणि तीत न्यायाचा अंश आहे. उद्या त्या पाण्यात कपात झाली तर पाताळगंगेवर वाटून दिलेले हक्क कशाच्या आधारावर उभे राहणार? ज्या प्रवाहाची शाश्वती नाही त्याच्यावर कायमचे हक्क वाटणे हा प्रकार, घरात नसलेल्या धान्याच्या जोरावर पंगतीची आमंत्रणे देण्यासारखा आहे. आमंत्रितांपैकी बलवान पाहुणे जेवून उठतील. उपाशी राहील तो नदीकाठचा गरीब, आणि त्याच्याही आधी नदीतला मासा.

आता कायद्याकडे वळू. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा ठरवला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा कायदा परकीय सरकारचा असला तरी त्यामागील विचार रास्त होता. परंतु डोहातले पाणीच उपसून नेले आणि त्यामुळे हजारो मासे मेले, तर तो गुन्हा नाही. उलट त्या उपशाला परवाना मिळतो. २००५ साली महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि पाण्याच्या हक्कदारीची कल्पना कायद्यात आणली. सिंचन, घरगुती वापर आणि उद्योग यांच्या वाट्यांची गणिते मांडली जाऊ लागली. या गणितात नदी स्वतः हक्कदार म्हणून कोठेच उभी नाही. अर्ज करील त्याला हक्क, ही जर पद्धत असेल, तर माशाला अर्ज करता येत नाही आणि वाडीवरच्या कातकऱ्यालाही अर्जाचा रस्ता माहीत नसतो.

हक्कवाटपात बलवान कसे सरशी साधतात याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पेण तालुक्यातील हेटवणे धरण शेतीच्या सिंचनाच्या नावाने बांधले गेले. कालवे अपुरे राहिले आणि पाण्याचा ओघ नव्या मुंबईच्या वसाहतींकडे वळला. पुढे त्याच लाभक्षेत्रातील जमिनी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेण्याचा घाट घातला गेला. शेतकऱ्यांनी प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या मार्गदर्शनाखाली लढा दिला आणि सप्टेंबर २००८ मध्ये या लाभक्षेत्रातील २२ गावांत सरकारला जनमत अजमावावे लागले. जमीन वाचली, पण ज्या पाण्यासाठी धरण बांधले त्या पाण्याचा प्रश्न जमिनीइतक्या जोराने कोणी लावून धरला नाही. जमिनीला सातबारा असतो, म्हणून तिची चोरी दिसते. वाहत्या पाण्याला सातबारा नसल्याने त्याची चोरी नजरेस येत नाही.

पाण्याच्या प्रमाणाशी त्याच्या गुणाचा निकटचा संबंध आहे. कासाडी नदीचे उदाहरण घ्या. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्याने ही नदी आणि तिच्या पुढची खाडी किती दूषित झाली हे सर्वश्रुत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या रस्त्यांवर निळ्या रंगात माखलेले कुत्रे दिसले आणि त्याची छायाचित्रे देशभर झळकली. कुत्रे निळे झाले म्हणून बातमी झाली; मासे मरून वर्षे लोटली होती, त्याची बातमी झाली नव्हती. पुढे हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया झालीच पाहिजे यात शंका नाही. परंतु हेही ध्यानी घेतले पाहिजे की, वाहत्या नदीत थोडी घाण विरते, आटलेल्या नदीत तीच घाण विष ठरते. वरून पाण्याचा नवा उपसा मंजूर करणारे कार्यालय आणि खाली सांडपाण्याची परवानगी देणारे कार्यालय ही दोन वेगळी आहेत. एकाचा निर्णय दुसऱ्याला निरर्थक करतो, आणि दोघांचा एकत्रित हिशेब मांडण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

येथे कोणी म्हणेल की, मासे हवेत ना, मग मत्स्यबीज तयार करून नदीत सोडा. याही बाबतीत आपल्या शेजारचा अनुभव बोलका आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने अनेक माशांची शास्त्रीय नावे इथल्या मच्छीमारांच्या तोंडच्या शब्दांवरून ठेवली : खुद्री, कोळस, नुक्ता, पोटील. जगाच्या शास्त्रग्रंथांत भोई-कोळ्यांची मराठी अशी कायमची नोंदली गेली. त्यांपैकी खुद्री म्हणजे आपला महाशीर. पुण्याजवळच्या मुळा-मुठेत सापडलेला हा मासा पुढे इतका दुर्मीळ झाला की, आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद दीर्घकाळ संकटग्रस्त अशी होती. खोपोलीला पाणी पुरवणाऱ्या लोणावळ्याच्या तलावांवरच १९७० च्या दशकापासून वीज कंपनीने या माशाची पैदास यशस्वी केली आणि त्याची पिल्ले देशातील अनेक जलाशयांत पाठवली. हे काम प्रशंसनीय आहे. परंतु हौदात मासा वाढवता आला म्हणजे नदी वाचली असे नव्हे. हौदाला भिंती असतात आणि राखणदार असतो. महाशीराला वाहते, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी आणि खडकाळ तळ हवा असतो. नदी धरणांनी तोडली आणि उन्हाळ्यात कोरडी केली, तर सोडलेली पिल्ले जायची कोठे?

मग करावयाचे काय? या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन एवढेच आहे : पनवेल परिसरातील नद्यांसाठी उन्हाळ्याच्या प्रवाहातील नदीचा वाटा आधी निश्चित करावा आणि तो होईपर्यंत त्या प्रवाहातून उद्योग, नगरविकास व गृहसंकुले यांसाठी मोठ्या उपशाचा एकही नवा हक्क देऊ नये.

ही मागणी अव्यवहार्य नाही. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीने नदीच्या प्रवाहाचा काही भाग पर्यावरणाच्या गरजांसाठी राखून ठेवावा असे म्हटले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये हरित लवादाने सर्व राज्यांना नद्यांच्या सरासरी उन्हाळी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के प्रवाह कायम राखण्यास सांगितले. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने वरच्या गंगेसाठी महिनावार किमान प्रवाह ठरवून दिले : नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल व मे महिन्यांत २५ टक्के आणि पावसाळ्यात ३० टक्के. ही अधिसूचना निघाली त्याच सुमारास, निर्मळ व अविरल गंगेसाठी शंभराहून अधिक दिवस उपोषण करणारे प्रा. जी. डी. अग्रवाल यांचा मृत्यू झाला. सरकारी कागदावरील या टक्क्यांची किंमत एका वृद्ध अभियंत्याने प्राण देऊन चुकवली, याचे विस्मरण होऊ नये.

मात्र गंगेचा टक्का कोकणात जसाच्या तसा लावून भागणार नाही. हिमालयातील नदीला उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाचे पाणी मिळते. आपल्या गाढीचा उन्हाळी प्रवाह मुळातच इतका क्षीण की, त्याचे २० टक्के म्हणजे ओल्या दगडांपलीकडे काही नाही. येथे माप डोहांचे हवे. कोणत्या डोहात मे महिन्याच्या अखेरीस किती खोल पाणी राहिले पाहिजे हे नदीकाठच्या लोकांना शास्त्रज्ञांइतकेच ठाऊक असते. दोघांनी एकत्र बसून ती रेषा ठरवावी आणि ती खडकावर रंगवावी. पाणी त्या रेषेखाली जाऊ लागले की ज्याचा हक्क सर्वांत नवा व सर्वांत मोठा, त्याचा पंप आधी बंद व्हावा.

अशी अट जगात नवी नाही. अमेरिकेतील कोलंबिया नदीच्या सामन माशांविषयी तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ साली हेच सांगितले : जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कमी व ऊन अधिक असते, तेव्हा नव्या उपशाने माशांचा धोका वाढतो, परवाने द्यायचेच तर गरज पडताच ते थांबवता येतील अशा अटीवर द्यावेत. त्याच देशातील क्लॅमथ नदीचा धडा याहून कठोर आहे. तेथे आधी भरमसाट हक्क वाटले गेले. २००१ च्या दुष्काळात माशांसाठी शेतीचे पाणी तोडावे लागले, तेव्हा शेतकरी रस्त्यावर आले. पुढच्या वर्षी शेतीला पाणी दिले गेले आणि सप्टेंबर २००२ मध्ये हजारो सामन मासे नदीत मरून पडले. त्या माशांवर जगणाऱ्या मूळनिवासी जमातींच्या पोटावर पाय आला. दोन्ही वर्षी भरडले गेले ते श्रमिकच. हक्क देण्यापूर्वी मर्यादा घातली असती तर शेतकरी आणि मच्छीमार एकमेकांसमोर उभे ठाकले नसते. मर्यादा वेळेवर घालणे हाच सर्वांत कमी क्लेशाचा मार्ग आहे.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा असेल व तो प्रामाणिक आहे. ज्या पक्षाने झोपडपट्टीतील नळासाठी मोर्चे काढले त्याने पाण्यावर मर्यादा मागावी काय? १९२७ च्या मार्च महिन्यात याच जिल्ह्यातील महाडला चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्यावरचा माणसाचा हक्क प्रस्थापित केला. त्या हक्काला कोणतीही मर्यादा लावता येणार नाही. म्हणून गावे, वाड्या, वस्त्या आणि शहरातील गरीब यांचे पिण्याचे पाणी या मर्यादेतून संपूर्णपणे वगळले पाहिजे. प्रश्न हंड्याचा नाहीच. प्रश्न आहे तो पिण्याच्या पाण्याच्या नावाखाली मंजूर होऊन संकुलांतील बगिच्यांवर व तरणतलावांत ओतल्या जाणाऱ्या पाण्याचा.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. कारखान्याला पाणी नाकारले तर कामगाराचे काय? याचे उत्तर शेजारीच आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने कोपरखैरणे व ऐरोली येथे प्रत्येकी दररोज २० दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रे उभारून सांडपाणी उच्च प्रतीपर्यंत शुद्ध करण्याची आणि ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांना देण्याची व्यवस्था केली. पनवेलसारखे वाढते शहर रोज जे सांडपाणी खाडीत सोडते तेच तळोज्याच्या कारखान्यांचा नवा जलस्रोत होऊ शकते. नदीचे पाणी जोवर स्वस्तात मिळते तोवर कोणताही कारखानदार शुद्ध केलेले सांडपाणी घेणार नाही. नव्या हक्कांवरील मर्यादा हेच त्याला पुनर्वापराकडे वळवणारे साधन आहे.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आव आणून केला जातो : माशांचे मूल्य किती आणि कारखान्याच्या उत्पादनाचे किती, याची तुलना करा. ही तुलनाच सदोष आहे. कारखान्याने वापरलेले पाणी विक्रीच्या आकड्यांत प्रकट होते. कातकरी बाईने ओढ्यातून आणून मुलांना खाऊ घातलेला मासा बाजारात येत नाही, म्हणून तो राष्ट्रीय उत्पन्नात मोजला जात नाही. तो मासा नाहीसा झाला आणि ती बाई बाजारातून सुकट विकत घेऊ लागली की राष्ट्रीय उत्पन्न वाढल्याचे दिसते! ज्या हिशेबात दारिद्र्य वाढले की उत्पन्न वाढते, तो हिशेब समाजवाद्यांनी प्रमाण मानण्याचे कारण नाही.

सामाईक संपत्ती लोकांच्या हाती राहिली तर ती नष्टच होते, असा सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडला आणि खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी तो डोक्यावर घेतला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखवून दिले की, लोक स्वतः नियम करून सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या जपतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याला त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नव्हती. महाड तालुक्यातील वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीचे मासे म्हणून महाशीर पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला आहे. तेथे कोणी जाळे टाकत नाही. पालघर जिल्ह्यात वैतरणेकाठी तिळसे येथेही अशीच परंपरा आहे. श्रद्धेचा भाग ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडू. पण तेथील सामाजिक शिस्त कोणत्याही सरकारी खात्याला जमलेली नाही. तिची मर्यादाही स्पष्ट आहे. गावाचा नियम गावकऱ्याच्या जाळ्याला लागू पडतो, वरच्या अंगाला बसवलेल्या मोटारपंपाला नाही. तेथे शासनाचा कायदाच लागतो. नद्या ही जनतेची ठेव असून शासन तिचा केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व बियास नदीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरमध्ये दिलेल्या निकालात स्पष्टपणे सांगितले आहे. विश्वस्ताला ठेव वाटून टाकण्याचा अधिकार नसतो.

कार्यकर्त्यांनी या उन्हाळ्यात तीन कामे हाती घ्यावीत. गाढी, काळुंद्रे, कासाडी व पाताळगंगा यांच्या काठच्या गावांत फिरून डोहांची नोंदवही करावी : डोहाचे नाव, मे महिन्यातले पाणी, पूर्वी मिळणारे मासे, आता मिळणारे मासे. माहितीच्या अधिकाराखाली या नद्यांतून कोणाला किती पाणी मंजूर आहे आणि प्रत्यक्ष उपसा किती, याची यादी मिळवून ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. आणि प्रत्येक ग्रामसभेत ठराव करावा की, नदीचा वाटा ठरेपर्यंत नव्या मोठ्या उपशाला गावाची संमती नाही.

पनवेल-उरणच्या मातीला असे ठराव कृतीत आणण्याची सवय आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढा दिला आणि पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले. त्या लढ्यातून विकसित जमिनीत शेतकऱ्याचा साडेबारा टक्के वाटा मान्य झाला. जमीन घेणाऱ्या सत्तेला जमीनधारकाचा वाटा मान्य करायला लावण्याचे काम या तालुक्याने एकदा केले आहे. विमानतळासाठी उलवे नदीचे पात्र वळवले गेले तेव्हा मात्र नदीचा वाटा कोणी विचारला नाही. पुढच्या नदीच्या वेळी तो प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि पाण्याचा परवाना निघण्याच्या आधी विचारला गेला पाहिजे.